आधी घरची गाय

माझे सासरे डॉक्टर नव्हते, हे गावात फक्त दोघांना पक्कं माहीत होतं. एक मी आणि दुसरे ते स्वतः. पुढे पुढे त्यांनाही त्याचा विसर पडत चालला होता. जनावरांच्या एका दवाखान्यात त्यांनी उभी हयात परिचर म्हणून काढली. म्हणजे गाय धरायची, बैल पाडायचा आणि डॉक्टरांनी हात पुढे केला की त्यावर कापसाचा बोळा ठेवायचा. निवृत्त झाले तेव्हा शाल-नारळ मिळाला आणि मोडीत निघालेली एक काचेची पिचकारी मिळाली. तिला एकच सुई होती, पोतं शिवायच्या दाभणाची बहीण शोभेल अशी. त्या पिचकारीवर त्यांनी गावात दवाखाना थाटला.

मी त्यांना मामा म्हणायचे. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाच म्हणते. जालन्यात मस्तगडला वाढलेली मी, बी.एस्सी., बी.एड. करून भोकरदनकडच्या त्या खेड्यात पडले. तिथल्या हायस्कुलात विज्ञानाची जागा निघाली आणि मी अर्ज केला, तर भावकीनं घर डोक्यावर घेतलं. सून शाळेत जाणार, परक्या माणसांसमोर उभी राहून बोलणार! मामा तेव्हा पारावर उभे राहून म्हणाले, "माझी सून जाणार मंजे जाणार. ज्याला बघवत न्हाई त्यानं तिकडं तोंड करून बसावं." त्या दिवसापासून चुलत सासऱ्यांच्या घराशी बोलणं बंद झालं, ते पुढे कधी सुरू झालंच नाही. मामांचे हे उपकार माझ्यावर होते, आणि हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मामांच्या प्रसिद्धीचं मूळ आमच्या जर्सी गायीत होतं. ती बाहेरच्या जिल्ह्यातल्या बाजारातून आणली होती. आल्यावर दोनेक महिन्यांत तिला सणकून ताप भरला, खाणं सुटलं, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. दवाखान्यातून डॉक्टर येऊन औषध देऊन गेले, आणि त्यानंतर मामांनीही आपल्या पिचकारीतून तांबूस रंगाची एक ताकदीची सुई दिली. गाय उठली. आता कोणत्या सुईनं उठली याचा निकाल गावानं एका दिवसात लावला. पगार घेणाऱ्या डॉक्टरला श्रेय द्यायला आपल्या लोकांचा हात कधी धजत नाही.

मग दर रविवारी मामांची फेरी सुरू झाली. अंघोळ, गंध, धुतलेलं धोतर, खिशात बाटली, हातात पिचकारी. आमच्या गल्लीतले सगळे गोठे ते घ्यायचे. फक्त चुलत सासऱ्यांचा गोठा सोडून, कारण तिथं बोलणंच बंद. पैसा म्हणून घ्यायचे नाहीत. आणि त्यांचा एक नेम होता, त्याचं तर सारं गाव कौतुक करायचं: आधी घरची गाय. पहिली सुई आमच्या जर्सीला, सगळ्यांच्या देखत. "उद्या कुणी म्हणाया नको की लोकाच्या जनावरावर हात बसवून राह्यले म्हणून," असं म्हणायचे. जर्सीला टोचलं की स्पिरिटच्या बोळ्यानं सुई पुसायची, पुन्हा औषध ओढायचं आणि पुढच्या दाराला. एकच बोळा, एकच सुई, अख्खी गल्ली. मीही दारात उभी राहून कौतुकानं बघायचे. विज्ञानाची बाई!

आमच्या समोरच खालाचं घर, खाला म्हणजे मावशी. तिचे मालक खालू सदरे शिवायचे, खाला घर आणि गाय सांभाळायची. मी शाळेत गेले की माझी दोन वर्षांची पोरगी दिवसभर तिच्याकडं असायची. पोरगी घरच्या जर्सीच्या दुधाला तोंड लावायची नाही. खालाच्या गावरान गायीचं दूध, तेही खालाच्या वाटीत, तेही खालाच्या मांडीवर. त्या गायीवर खालाचा जीव होता. तिची एक कालवडही होती, दोन-अडीच वर्षांची. कालवडी-वासरांना मामा सुई देत नसत, त्यामुळे तिला ती कधी टोचलीच नव्हती. खाला त्या दोघींशी दिवसभर उर्दूत बोलायची आणि आमच्याशी मराठीत. त्यामुळे गायीला उर्दू जास्त चांगली समजते असं आमच्या पोरीचं ठाम मत होतं.

त्या वर्षी पोळा झाला आणि गल्लीतली जनावरं एकामागून एक बसायला लागली. ताप, शेण घट्ट, खडकासारखं. डोळ्यांच्या कडा आधी पांढऱ्या, मग पिवळ्या. आठ दिवसांत अंगावरचं मांस कुठे गेलं ते कळायचं नाही. गावानं एकमुखानं सांगितलं, कावीळ आहे. एकमुखानं म्हणजे प्रत्येकानं कारण वेगळं सांगितलं. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं पोळ्याला मान चुकला, आणि सरपंचांनी दोष ओल्या चाऱ्याला दिला, कारण चारा मत देत नाही. डाग देणारा एक बुवा बोलावला. त्यानं तापलेल्या सळईनं सहा जनावरांच्या कुशीवर चांदण्या काढल्या. त्यातली चार दगावली, तर बुवा म्हणाला, "उशीर केला राव तुमी." मामा रात्रंदिवस धावत होते. आठवड्याची फेरी आठवड्यातून दोनदा झाली. आजाऱ्याला सुई, शेजारच्या धडधाकट जनावराला जपणूक म्हणून सुई. आणि दर वेळी आधी घरची गाय.

दसरा होऊन आठवडा झाला असेल, खालाची गाय बसली. सात महिन्यांची गाभण. खाला माझ्याकडं आली ती पदर तोंडाला लावूनच. "म्याडम, तुमी एवढ्या शिकल्या. बघा ना काय झालं हिला. दोन दिवस झाले, माझ्याकडं बघून नाही राह्यली." मी त्याच दिवशी दवाखान्यात निरोप धाडला. नवीन आलेला डॉक्टर होता, मिसरूड फुटल्यासारखा दिसायचा. सायकलवर आला, पापण्या उलटून बघितल्या, गोचिडी बघितल्या, लघवीचा रंग विचारला. लघवी लाल नव्हती. त्यानं गायीच्या कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतला, काचपट्टीवर ओढला आणि म्हणाला, "मला नक्की काय ते बघायचंय. पण आमचा मायक्रोस्कोप दुरुस्तीला गेलाय. तुमच्या शाळेत आहे का?"

शाळेत होता. पण शाळेत असणं आणि दिसणं यात फरक असतो. आमच्या मुख्याध्यापकांनी तो कपाटात ठेवून त्याची किल्ली जानव्याला बांधली होती. इन्स्पेक्शनला तो टेबलावर यायचा, साहेब बघायचे, साहेब म्हणायचे "वा", आणि तो परत आत जायचा. मी चार वर्षं फळ्यावर पेशी काढून शिकवत होते. "बाई," ते मला म्हणाले, "बघून बघून भिंग झिजतं. आणि गायीचं रक्त शाळेत? उद्या मुलाबाळांना काही झालं तर?" मी लेखी अर्ज दिला. त्यांनी विचारलं, विषय काय लिहिला? मी म्हटलं, 'रक्त बघण्याबाबत'. त्यांनी तो खोडून 'शैक्षणिक प्रयोजनार्थ' असं केलं, स्वतःच्या अर्जावर स्वतःच सही केल्याच्या थाटात सही केली आणि जानवं ओढलं.

डॉक्टरनं पट्टीला रंग दिला, धुतली, वाळवली, तेलाचा थेंब टाकला. डोळा लावला आणि ओरडलाच, "बाप रे! केवढे हे! असले तर मी पुस्तकातसुद्धा पाहिले नाहीत!" मुख्याध्यापक दोन पावलं मागं सरकले. मी डोळा लावला. खरंच, ढेकळाएवढे डाग. मी वरची नळी जरा फिरवली, तर डागही फिरले. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. खंडेनवमीला आमच्या शिपायानं शाळेतल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली होती. खोरं, घंटा, टाइपरायटर आणि हा. भिंगावर हळदीकुंकू तसंच होतं. डॉक्टर लाजला. मी साडीच्या पदरानं देवाचा प्रसाद पुसून काढला.

नंतर जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. तांबड्या पेशींचा पसारा, आणि कितीतरी पेशींच्या अगदी काठाला एक-एक गडद ठिपका. बाजरीच्या भाकरीच्या कडेला तीळ चिकटावा तसा. एवढासाच.

"जिवाणू आहे," डॉक्टर म्हणाला. आता तो मघाचा पोरगा राहिला नव्हता, आवाज बदलला होता. "फोडून आत शिरत नाही हा. पेशीच्या कातडीला नुसता चिकटतो. मग ती कातडीच आत वळते आणि त्याला पोटात घेते. आत गेला की एकाचे दोन, दोनाचे चार होतात, आणि पेशी न फोडता निघून पुढच्या पेशीत."

"मग पेशी मरते कशानं?"

"गायच मारते. शरीराला कळतं की ही पेशी बिघडली, मग प्लीहा ती गिळून टाकते. बिघडलेल्या गिळता गिळता चांगल्याही गिळते. रक्त असं आतल्या आत संपतं. म्हणून लघवी लाल नाही, म्हणून डोळे पिवळे."

मला हसू आलं. आमच्या गावाचा सगळा कारभारच मला त्या भिंगाखाली दिसत होता. जो येऊन चिकटेल त्याला आदरानं आत घ्यायचं, आणि मग आपल्याच माणसाला गिळायचं. मी तसं बोलूनही दाखवलं. डॉक्टर हसला, मुख्याध्यापक हसले नाहीत. मग मी सहज विचारलं, "पण हा एका गायीतून दुसरीत जातो कसा?"

"गोचिडी. चावऱ्या माश्या," तो काचपट्टी पुसत म्हणाला. "आणि सुई. एकीला टोचलेली सुई दुसरीला टोचली की झालं. एखादी गाय यातून उठलेली असली ना, तर ती दिसायला ठणठणीत, पण रक्तात हा जन्मभर थोडाथोडा राहतो. तिच्यापासून सुरुवात केली तर अख्खी गल्ली लागते."

माझं हसू तोंडातच राहिलं. त्याला काय माहीत, तो कुणाच्या सुनेशी बोलत होता!

डॉक्टरनं खालाच्या गायीला औषध सुरू केलं. उशीर झालाय पण बघू, म्हणाला. मी मात्र दोन दिवस घरात तोंड शिवल्यासारखी वावरले. मामांना सांगायचं काय? तुमच्या सुईनं गल्ली मारली म्हणून? पण रविवारची फेरी तोंडावर आली होती, आणि खालाची कालवड अजून चांगली होती. तिला त्या सुईपासून वाचवायचं तर बोलणं भाग होतं. शेवटी शनिवारी मी मामांना सगळं सांगितलं. पेशी, ठिपका, सुई, सगळं. मान वर न करता.

मामांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "आपल्या जर्सीच्या रक्तात ते तीळ हायेत म्हणती?"

"हो मामा."

"दाखव."

मला वाटलं, संपलं, आता डोळ्यांनी बघतील. मी पुन्हा अर्ज केला, पुन्हा जानवं ओढलं गेलं. डॉक्टरनं जर्सीचं रक्त पट्टीवर घेतलं. त्यानं बघितलं, मी बघितलं, तासभर बघितलं. एकही ठिपका नाही. स्वच्छ तांबड्या पेशी, सारवलेल्या अंगणासारख्या. डॉक्टर मामांना समजावून सांगायला लागला की आजारातून उठलेल्या गायीत ते इतके थोडे असतात की भिंगाखाली सापडत नाहीत, पण असतात. मामांनी डोळा लावला, सावकाश काढला आणि माझ्याकडं बघून हसले. रागानं नाही, मायेनं हसले, ते जास्त लागलं. "पोरी, तूच लेकरायला शिकवती ना, डोळ्यानं बघावं मंग मानावं? बघितलं. काई न्हाई." माझेच शब्द होते ते, फळ्यावर मीच लिहिलेले.

त्याच संध्याकाळी खालाची गाय गेली. पोटातल्या वासरासकट. खाला तिच्या मानेवर डोकं ठेवून बसली होती, आणि माझी पोरगी शेजारी वाटी घेऊन उभी होती. खालू नुसते हात धुवत होते, पुन्हा पुन्हा.

रविवारी सकाळी मामांनी गंध लावलं. जर्सीला सुई दिली, बोळ्यानं पुसली, औषध ओढलं आणि समोरच गेले. "भाभी, गाय गेली ती गेली. कालवड तरी ऱ्हाईल. आणा तिला." खालानं कालवड पुढं केली. गल्लीतले दहा-बारा लोक उभेच होते. मी चुलीवरचा तवा तसाच टाकून धावले आणि कालवडीच्या आणि मामांच्या मध्ये उभी राहिले. सून, भर गल्लीत, सासऱ्याला आडवी! डोक्यावरचा पदर कुठं गेला होता तेही भान नव्हतं.

"सरक," मामा म्हणाले.

मला ओरडून सांगता आलं असतं. पण दहा-बारा घरांची जनावरं गेलेली, आणि ती घरं तिथंच उभी. मी त्यांच्याजवळ सरकून हळूच एवढंच म्हटलं, "मामा, चुलत मामांच्या गोठ्यात सात जनावरं आहेत. एकही बसलं नाही. गल्लीत फक्त तिथंच तुम्ही जात नाही."

मामांनी वर बघितलं. चुलत सासऱ्यांचा गोठा तिथून दिसत होता. आमच्या नावानं रोज बोटं मोडणाऱ्या त्या घराच्या सातही गायी-बैल उन्हात रवंथ करत होते, तुकतुकीत. मामांनी मनात काय मोजलं कुणास ठाऊक, पण ओठ हलत होते. एकेक दार, एकेक रविवार असंच काहीतरी असावं. मग म्हणाले, "भाभी, औषध सरलं आज." पिचकारी काठोकाठ भरलेली होती आणि सगळ्यांना दिसत होती.

त्यानंतर मामांनी सुई धरली नाही. विचारलं तर म्हणायचे, हात कापतो. गावानं मात्र आपला निकाल दिला. शिकलेल्या सुनेनं म्हाताऱ्याचा दवाखाना बंद पाडला, गरिबाच्या जनावराच्या तोंडचं औषध काढलं. पुढं डॉक्टरनं गोठे फवारले, प्रत्येक जनावराला वेगळी सुई वापरली, आणि साथ हटली. ते श्रेय गावानं थंडीला दिलं.

खालाची कालवड जगली. व्याली, पुन्हा व्याली. पण खाला येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच गोष्ट सांगायची. "एक सुई नाही मिळाली बिचारीला. म्याडमनं देऊच दिली नाही. तरी जगली बघा, अल्लाची मेहेरबानी." माझ्या पोरीवर तिनं माया तेवढीच केली, पण माझ्याशी बोलताना तिचा आवाज कोरडा असायचा. ते मला फार लागायचं. आणि मामा समोर असले की खाली मान घालून ऐकत राहायचे. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला त्यांचा राग यायचा. दातओठ खाण्यासारखा राग. पण मी कधी तोंड उघडलं नाही.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. मामा थकले, काठी आली. एका दुपारी आम्ही दोघं खालाच्या ओट्यावर बसलो होतो. तिच्याकडं माहेरची पाहुणी आली होती, आणि खालानं तिला तीच गोष्ट सुरू केली. एक सुई नाही मिळाली बिचारीला.

"भाभी," मामा मध्येच म्हणाले, "पहिली बी जगली असती."

"कोण पहिली?"

"तुमची गाय. म्या टोचलं नसतं तर." मग त्यांनी सांगितलं. जर्सीचं रक्त, त्यांची सुई, खालाची गाय. तीन-चार वाक्यांत, उजळणी म्हटल्यासारखं. एवढं नीट तर मला वर्गातही कधी सांगता आलं नव्हतं.

पाहुणीनं काहीतरी विचारलं, तिला खालानं हातानंच गप्प केलं. मग म्हणाली, "गायीचं राहू द्या. जनावर होतं, तुमी मुद्दाम नाही मारलं. पण इतके साल मी तुमच्या या सुनेला बोलून राह्यले. तुमच्यासमोर बोलले. तवा तुमी का गप बसले?"

"भ्यालो, भाभी," मामा म्हणाले. "वाटलं, तुमचं दार बंद होईल."

खाला उठून आत गेली. आत स्टोव्हचा आवाज आला, भांड्यांचा आला. बऱ्याच वेळानं ती चहा घेऊन बाहेर आली. एक कप पाहुणीला दिला, एक माझ्या हातात दिला, माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि उरलेला एक घेऊन स्वतः प्यायला बसली. मामांना त्या दिवशी चहा मिळाला नाही, आणि त्यांनी तो मागितलाही नाही.